बत्तीस महिन्यांचा साक्षीदार

नोकरी मिळाली, आणि ज्या खुर्चीत मिळाली त्याच खुर्चीत पाच मिनिटांत ती अडकलीसुद्धा.

"अभिनंदन," भरतीच्या मॅडम म्हणाल्या. "तुमची निवड झालीय. आता फक्त तुमच्या मागच्या आयुष्याची पडताळणी. ते काम आम्ही बाहेरच्या कंपनीला देतो. एक छोटासा फॉर्म आहे."

छोटासा फॉर्म एकवीस पानांचा निघाला.

"शुक्रवारपर्यंत पडताळणी पूर्ण झाली पाहिजे," मॅडम पुढे म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. "नाही झाली तर यादीतल्या दुसऱ्या नावाला बोलवावं लागेल. नियमच आहे."

धाकटीने मान डोलावली आणि दुसऱ्या नावाचा मनातल्या मनात राग राग केला. धाकटी म्हणजे सासरच्या दोन सुनांतली धाकटी. तिकडे सगळी इमारत तिला याच नावाने हाक मारायची, आणि परक्या देशात येताना नवऱ्याने सामानाबरोबर तेही नाव बांधून आणलं होतं. येऊन पाच महिने झाले होते. पाच महिने ती दोन खोल्यांत होती: एकीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, मागे मागे तीन वर्षांची लेक. मागच्या आठवड्यात तिने कपडे धुवायच्या मशीनशी गप्पा मारल्या होत्या. मशीनचंही काहीतरी म्हणणं आहे असं तिला वाटायला लागलं, तेव्हा तिने अर्ज पाठवला. रक्ताचे नमुने तपासणारी मोठी प्रयोगशाळा. काम नमुने स्वीकारायच्या टेबलावर. बाटली घ्यायची, कागद घ्यायचा, दोन्ही पडताळायचं, पुढे पाठवायचं. तिकडे तिने हे काम चार वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं होतं. ही नोकरी तिला इतकी हवी होती की मुलाखतीला जाताना तिने आदल्या दिवशी रस्ता चालून बघितला होता. दोनदा.

संध्याकाळी ती आणि नवरा फॉर्म घेऊन बसले.

"माझं तर एका दिवसात झालं होतं," नवरा म्हणाला.

"तुझं बाळंतपण झालं नव्हतं ना."

फॉर्मचं म्हणणं सरळ होतं. गेल्या सात वर्षांतला एकही महिना रिकामा नको. प्रत्येक काळाला एक साक्षीदार, आणि तो नातेवाईक नसावा. नोकरीची चार वर्षं सोपी होती, जुन्या डॉक्टरसाहेबांनी एका ओळीत होकार कळवला. इकडच्या पाच महिन्यांना घरमालक होता. मध्ये उरले बत्तीस महिने. नोकरी सोडल्यापासून विमानात बसेपर्यंत.

"‘या काळात आपण काय करत होता?’" नवऱ्याने वाचलं. "‘नोकरी. शिक्षण. बेरोजगार. तुरुंगवास. इतर.’"

धाकटीने पाचही पर्याय पुन्हा वाचले.

"तुरुंग लिही," नवरा म्हणाला. "निदान तारखा तरी सरकारी मिळतील."

तिने ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘मूल वाढवलं’. मग तिला शंका आली. शंका आली की ती धाकटीला चैन पडू देत नसे. तिने कंपनीच्या मदतकेंद्राला विचारलं, पुरावा म्हणून मुलीचा जन्मदाखला चालेल का? तासाभरात उत्तर आलं: ‘जन्मदाखल्यावरून मूल जन्माला आल्याचं सिद्ध होतं. ते आपण वाढवल्याचं सिद्ध होत नाही. कृपया साक्षीदार द्यावा.’

वाढवल्याचा पुरावा समोर जमिनीवर बसून बापाच्या बुटात केळ्याचं साल कोंबत होता.

साक्षीदार कोण द्यायचा? सासूबाई, आई, मोठी जाऊ, सगळ्या नातेवाईक. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू यायचं नाही. तळमजल्यावरची मैत्रीण चांगलं बोलली असती, पण फार बोलली असती. राहता राहिल्या समोरच्या काकू. चौतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, आणि त्यानंतर बसून राहायला नको म्हणून इमारतीच्या सचिव झालेल्या. नवऱ्याने मान हलवली. "काकूंइतका पक्का साक्षीदार कोर्टालाही मिळायचा नाही."

धाकटीने काकूंना फोन लावला. लेकीची खबरबात, गुडघ्यांची खबरबात, जिन्यातल्या नळाची खबरबात झाली. मग ती मुद्द्यावर आली.

"काकू, माझ्याबद्दल विचारायला गुरुवारी एक फोन येईल. खरं तेच सांगा. फक्त आपलं नातं नाही हे स्पष्ट सांगा."

"नातं नाही?" काकूंचा आवाज खाली आला. "बाळंतपणात तुझ्या पोरीला पहिली आंघोळ कोणी घातली?"

"तुम्हीच काकू, पण—"

"तुझी सासू बघत होती नुसती. हात थरथरत होते तिचे."

"हो काकू. पण फॉर्मच्या दृष्टीने तुम्ही परक्या आहात. माझ्यासाठी एवढं करा. शुक्रवारपर्यंत परक्या व्हा."

पलीकडे काकूंनी घसा खाकरला.

"बरं," काकू म्हणाल्या. "होते. ठेवा आता फोन, ताई."

फोन गुरुवारऐवजी मंगळवारीच गेला, हे धाकटीला बुधवारी सकाळी कळलं. लेकीला दूध पाजता पाजता तिने कंपनीचा मेल उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ‘आपल्या साक्षीदाराने सहकार्य केले नाही. साक्षीदाराने उलट आमच्या कर्मचाऱ्याची माहिती मागितली. कालावधी: बत्तीस महिने. स्थिती: असिद्ध.’

तिने काकूंना फोन लावला. काकू खुशीत होत्या.

"अगं, बरं झालं केलास! काल चोर पकडला मी. बाईच होती. बाहेरच्या देशातला नंबर. म्हणते कशी, आधी तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा, मग कशासाठी फोन केला ते सांगेन. गोपनीय आहे म्हणे! मी म्हटलं, अस्सं? आधी तुमचं नाव सांगा. वडिलांचं नाव सांगा. कुठे काम करता, कधीपासून, वरचा साहेब कोण? टरकली. सगळं सांगितलंन. वडील सुतार आहेत म्हणे. मी सगळं लिहून घेतलंय आणि खाली फलकावर लावलंय, या नावाच्या बाईपासून सावध राहा म्हणून. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"काकू," धाकटी म्हणाली, "ती माझी नोकरी होती."

"तुझा फोन गुरुवारी येणार होता."

"लवकर आला."

"मग तिने तुझं नाव का नाही घेतलं?"

"तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री झाल्याशिवाय त्यांना नाव घेता येत नाही."

"आणि ती तीच आहे याची खात्री झाल्याशिवाय मला बोलता येत नाही," काकू म्हणाल्या. "चूक काय माझं?"

धाकटीने विचार केला. चूक काहीच नव्हतं. तीच तर पंचाईत होती. स्वतः काकूंच्या जागी असती तर तिने याहून दोन प्रश्न जास्त विचारले असते.

"काकू, त्या पुन्हा फोन करतील. या वेळी सांगाल ना?"

"सांगेन. पत्र येऊ दे. कंपनीच्या छापील कागदावर, सही, शिक्का. चौकशी कोण करतंय, कोणाची, कशासाठी. शाळेचा साधा दाखला मी कधी तोंडी दिला नाही, तुझे बत्तीस महिने तोंडी देऊ?"

"हल्ली पत्रं कोणी पाठवत नाही काकू. सगळं संगणकावर असतं. जग कागदाच्या पुढे गेलंय."

"जाऊ दे. येईल परत."

कंपनीच्या मदतकेंद्राने कळवलं की आम्ही पत्रं देत नाही. काकूंनी कळवलं की मी पत्राशिवाय बोलत नाही. दोन्हीकडे तत्त्व होतं आणि मध्ये धाकटी होती.

"डॉक्टरसाहेबांनाच सांग ना, नोकरी सोडलीच नव्हती म्हणतील," नवरा म्हणाला.

"खोटं?"

"बत्तीस महिन्यांचंच."

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भांडी घासायला गेला.

गुरुवारी सकाळी तिने लेकीला ढकलगाडीत घातलं, पाण्याची बाटली, बिस्किटं, जादा चड्डी, जादा चड्डीला काही झालं तर आणखी एक चड्डी असं सगळं पिशवीत भरलं आणि पडताळणी कंपनीचा पत्ता शोधत निघाली. एवढ्या लोकांची आयुष्यं तपासणारी कंपनी म्हणजे काचेची टोलेजंग इमारत असेल अशी तिची कल्पना. निघाली गाद्यांच्या दुकानावरची एक खोली. तीन टेबलं, एक वाळलेलं झाड. दोन टेबलं रिकामी होती. तिसऱ्यावर कानाला फोनचं यंत्र लावलेली एक बाई डब्यातलं सफरचंद खात होती.

धाकटीने नाव सांगितलं. बाईने सफरचंद खाली ठेवलं.

"ते बत्तीस महिने तुमचे?"

"हो."

"तुमच्या साक्षीदाराने मला विचारलं, वडील काय करतात."

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं," पडताळणीवाली म्हणाली. "का सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. आजोळ कुठलं तेही सांगितलं."

धाकटीने माफी मागितली. मग पत्राचं सांगितलं. पडताळणीवालीने नियम सांगितला. धाकटीने शुक्रवार सांगितला. लेकीने मधल्या मध्ये वाळलेल्या झाडाला पाणी पाजलं, ते जमिनीवर आलं, आणि दोघी मिळून ते पुसायला लागल्या. एकत्र जमीन पुसताना नियमाला चिकटून राहणं जड जातं.

"नऊ वर्षांत कोणी आमच्याकडे आमचा पुरावा मागितला नाही," गुडघ्यांवर बसलेली पडताळणीवाली म्हणाली.

"त्या सगळ्यांकडे मागतात," धाकटी म्हणाली. "एकदा त्यांनी इमारतीत आलेल्या नगरसेवकाकडे ओळखपत्र मागितलं होतं."

"दिलं?"

"घरी जाऊन घेऊन आले."

पडताळणीवाली उठली. सगळ्यात खालच्या खणातून तिने कंपनीचा छापील कागद काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. पत्र लिहिलं, सही केली. शिक्का म्हणून ऑफिसात एकच सापडला, तो उमटवला. धाकटीने फोटो काढून काकूंना पाठवला. तीन मिनिटांत उत्तर आलं.

‘शिक्का "मिळाले" असा आहे. तो आवक पत्रावर मारतात. हे जावक आहे. जावक क्रमांकही नाही.’

"जावक क्रमांक म्हणजे?" पडताळणीवालीने विचारलं.

धाकटीने समजावलं. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र एका वहीत नोंदवायचं, त्याला क्रमांक द्यायचा, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर कधी, कोणाला, कशाबद्दल गेलं ते सापडतं.

पडताळणीवालीने विचार केला. "चांगली पद्धत आहे," ती म्हणाली. तिने एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या, आणि पहिल्या ओळीत सावकाश लिहिलं: एक. चुकीच्या शिक्क्यावर काट मारून बाजूला पुन्हा सही केली. फोटो गेला. या वेळी उत्तराला सात मिनिटं लागली. धाकटीने तेवढ्या वेळात उजव्या हाताची नखं संपवली.

‘ठीक. फोन करण्यास हरकत नाही.’

उमेदवाराला साक्ष ऐकता येत नाही, म्हणून धाकटी लेकीला घेऊन बाहेर जिन्यात बसली. दाराला काच होती. काचेतून दिसत होतं ते असं: पडताळणीवाली बोलते. पडताळणीवाली ऐकते. लिहिते. पान उलटते. आणखी एक पान उलटते. उभी राहते. कपाळाला हात लावते. पुन्हा बसते. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काकू काय सांगत असतील? आंघोळीचं तर सांगत नसतील? आंघोळ घातली म्हणजे नातं निघालंच! धाकटी सुतावरून स्वर्ग गाठण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. पन्नास मिनिटांत ती नोकरी जाऊन, घर सुटून, विमानाने परत तिकडच्या स्वयंपाकघरात पोचली होती. लेकीने दरम्यान दोन्ही जादा चड्ड्या सार्थकी लावल्या.

दार उघडलं.

"तुमच्या साक्षीदाराकडे रजिस्टर आहे," पडताळणीवाली म्हणाली. तिचे डोळे जरा विस्फारलेलेच होते. "इमारतीच्या तक्रारींचं. मी विचारलं, हिने मूल वाढवलं हे तुम्हाला कसं माहीत? त्यांनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. या बत्तीस महिन्यांत तुम्ही एकसष्ट लेखी तक्रारी केल्यात. तारीख, वेळ, तुमची सही."

धाकटीचे कान गरम झाले.

"‘दुपारी दोन वाजता भिंतीला ड्रिल. बाळ झोपलं होतं,’" पडताळणीवालीने आपल्या कागदावरून वाचलं. "‘जिन्यातला दिवा बंद, कडेवर बाळ असताना पायरी दिसत नाही.’ ‘पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं. घरात लहान मूल आहे.’ ‘अनोळखी इसम वीस मिनिटं जिन्यात उभा.’ तो तुमच्या साक्षीदाराचा जावई होता, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. ‘गॅलरीत कबुतर.’ ‘तेच कबुतर.’ ‘पुन्हा तेच.’"

"म्हणजे झालं का?"

"एकही महिना रिकामा नाही. असा काळ मी नऊ वर्षांत पाहिला नाही. सिद्ध." ती अडखळली. "फक्त, साक्षीदार जे सांगतो ते मला अहवालात लिहावंच लागतं. सगळं."

घरी येता येता रस्त्यातच धाकटीने काकूंना फोन लावला.

"काकू, तक्रारी कशाला सांगितल्यात?"

"मग काय सांगू? पोरगी गुणाची आहे म्हणून? ते कोणीही सांगेल. तारखा कोण सांगेल?"

"कोणत्या कंपनीला तक्रारी करणारं माणूस हवं असतं?"

"त्या लिहिणारीला मी तेच म्हटलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, ही राहत होती तेव्हा वर्षातून दोन वह्या लागायच्या. ही गेल्यापासून वही कोरी आहे आणि लिफ्ट तीनदा बंद पडली. तेही लिहून घ्या."

शुक्रवारी नवऱ्याने सकाळची सुट्टी काढून लेकीला सांभाळलं. दारात तो म्हणाला, "जे काही देतील त्यावर सही कर आणि बाहेर ये. बोलू नकोस. बघूही नकोस फार."

मॅडमच्या टेबलावर अहवाल होता. त्यांनी तो सावकाश चाळला.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या.

"हो."

"बत्तीस महिन्यांत."

"हो मॅडम."

"आमच्याकडे सगळे मिळून मिसळून काम करतात," मॅडम म्हणाल्या. आवाज गोडच होता, पण पेनाचं टोपण त्यांनी बंद केलं. "हे वाचून मला जरा... तुम्हाला याबद्दल काही सांगायचंय?"

धाकटीने घरून तीन वाक्यं पाठ करून आणली होती. नवीन आई होते. घाबरत होते. आता तशी राहिले नाही. त्यातलं तिसरं वाक्य खोटं होतं, म्हणून तिने तिन्ही सोडून दिली.

"मॅडम, एकसष्टपैकी चार चुकीच्या होत्या," ती म्हणाली. "जावयाची एक. कबुतराच्या तीन, कारण कबुतराला सोसायटी तरी काय करणार. बाकीच्या सत्तावन्न बरोबर होत्या. टाकीचं झाकण नऊ दिवस उघडं होतं. बारा घरं तेच पाणी पीत होती आणि येता-जाता सगळ्यांना दिसत होतं. जिन्याच्या दिव्याचं मी लिहिलं, त्यानंतर दोन दिवसांनी आजोबा पडले. नुसत्या लिहिण्याने कोणी पडायचं थांबत नाही. पण लिहिल्यावर तरी दिवा लागायला हवा होता."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण भरतीच्या मॅडमकडे इमारतीची तक्रार केली.

मॅडमनी अहवाल मिटला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलल्या.

"नमुने घ्यायच्या त्या टेबलावर गेल्या वर्षी तीन जण होते. तिघंही फार गोड स्वभावाचे. कशालाही नाही म्हणायचे नाहीत. एका आजींना आम्ही चार महिने कळवत होतो की त्या गरोदर आहेत."

धाकटीला हसू आलं, ते तिने दाबलं, मग मॅडमच हसल्या.

ड्रॉवरमधून नियुक्तिपत्र बाहेर आलं. "सही करा. सोमवारी सकाळी सातला या."

धाकटीने पेन घेतलं. सही कुठे करायची ते शोधताना नजर वरून खाली आली, आणि न बघायचं ठरवूनही तिने वाचलं. पत्रात लिहिलं होतं सोमवार, आणि पुढची तारीख होती मंगळवारची. तिने पुन्हा वाचलं. मनातल्या मनात आजपासून दिवस मोजले. मंगळवारच. नवरा म्हणाला होता, बघू नकोस. सोमवारी यायचं तर तोंडी सांगितलंच आहे. सही केली की झालं. पाच महिन्यांच्या त्या दोन खोल्या, एकसष्ट तक्रारींचा अहवाल अजून टेबलावर पडलेला, आणि मॅडम आत्ता कुठे हसलेल्या. तिने पेन कागदाला टेकवलं. एक टिंब उमटलं.

तिने पेन उचललं.

"मॅडम," ती म्हणाली, "रागावू नका, पण वार आणि तारीख जुळत नाहीत."

मॅडमनी पत्राकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग बराच वेळ धाकटीकडे.

"बासष्ट," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पत्र दुरुस्त करायला आपल्याकडे ओढलं.